चाळिशीनंतरचे सिकलसेल : राज्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सिकलसेल आणि डायलिसिस या दोन्ही कार्यक्रमांचे अधिकारी, सार्वजनिक आरोग्य विभाग

विषय : मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांची सिकलसेल तपासणी आणि त्यांच्या रक्तक्षयावरील उपचार

महोदय,

मी चंद्रपूर जिल्ह्यात राहते. चोवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवले आणि पतीच्या डायलिसिससाठी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझे पती धानाची शेती करीत. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी सरकारी डायलिसिस केंद्रात जातात. तिथे आम्हाला एक रुपयाही द्यावा लागत नाही, तिथले तंत्रज्ञ जिवापाड काम करतात, आणि ते केंद्र नसते तर आमच्या घराचे काय झाले असते याची मला पूर्ण कल्पना आहे. ही जाणीव ठेवूनच पुढचे लिहीत आहे.

हे पत्र लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या गावातील सिकलसेल तपासणी शिबिराचे. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींना विळ्यासारखा आकार देणारा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या काही आठवडे आधी माझ्या मुलीच्या महाविद्यालयात तपासणी झाली होती आणि तिला ‘एएस’, म्हणजे या आजाराचे एकच जनुक असलेली वाहक, असे कार्ड मिळाले होते. आठवीच्या मुलांना अनुवंशिकता शिकवताना मी फळ्यावर जो तक्ता काढीत असे, तोच तक्ता त्या रात्री वहीत काढला. मूल वाहक असेल तर आईबापांपैकी किमान एकाकडून ते जनुक आलेच पाहिजे. मी माझी तपासणी करून घेतली, ती ‘एए’, म्हणजे ते जनुक नसलेली, निघाली. मग उरले कोण? गावात शिबिर लागले तेव्हा पतीला घेऊन मी रांगेत उभी राहिले. टेबलाशी बसलेल्या मुलीने आधार कार्डावरचे वय पाहिले आणि अगदी नम्रपणे सांगितले, “काकू, आमची यादी चाळीसपर्यंतचीच आहे. काकांचे आता काय करायचे आहे?”

तिचा दोष नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचे उद्दिष्टच तसे आहे. सतरा राज्यांतील शून्य ते चाळीस वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करायचे, असे ते अभियान आहे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत मूल ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण, असण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती टाळायची असेल तर लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयातल्यांना आधी गाठले पाहिजे, हे मला समजते. परंतु त्यामुळे वाहकाच्या कार्डाला आपल्याकडे एकच अर्थ उरला आहे, तो म्हणजे लग्नाचा. सोयरीक जुळवायच्या वेळी ते आठवते आणि लग्न झाले की जन्मदाखल्यासोबत पेटीत जाते. ज्या वयात माणसाची मूत्रपिंडे बिघडू लागतात त्या वयात ते कोणी मागत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्या पतीसारख्यांना ते मिळतच नाही.

विदर्भात ही गोष्ट नवीन नाही. नागपूरकडच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचे निरीक्षण १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. नागपूरचे संपत रामटेके यांनी मुलाच्या आजारातून धडा घेऊन रुग्णांची संघटना उभी केली. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपासून आपल्याला हे ठाऊक आहे की गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत, बौद्ध समाजात, आणि थोड्या प्रमाणात इतर अनेक जातींतही, हे जनुक वावरत आहे. असे असताना चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा इथल्या डायलिसिसच्या खाटेवर येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एचआयव्ही आणि दोन्ही प्रकारच्या काविळींची (हिपॅटायटिस बी आणि सी) तपासणी विचारली जाते, पण सिकलसेलची का विचारली जात नाही, हा माझा मूळ प्रश्न आहे.

त्याने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले होते, कारण ‘वाहक म्हणजे रुग्ण नव्हे’ हे वाक्य मी स्वतः शाळेत शिकवलेले आहे, आणि ते आजही खरेच आहे. बहुतेक वाहक निरोगी आयुष्य जगतात. मात्र शरीरात एक जागा अशी आहे जिथे वाहकाच्या रक्तपेशींनाही त्रास होतो, आणि ती जागा म्हणजे मूत्रपिंडाचा आतला गाभा. तिथे प्राणवायू फार कमी असतो, क्षारांचे प्रमाण जास्त असते आणि आम्लता असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाहकाच्याही काही पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि तिथल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. म्हणूनच काही वाहकांच्या लघवीतून कधीतरी रक्त जाते आणि अनेकांची लघवी घट्ट करण्याची, म्हणजे पाणी राखण्याची, क्षमता कमी होते. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या वाहकाला याचा काय अर्थ होतो, ते आपल्या अधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

अमेरिकेतील पाच मोठ्या पाहण्यांमधील सुमारे १६ हजार आफ्रिकी-अमेरिकी लोकांची माहिती एकत्र करून २०१४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वाहकांमध्ये मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराची जोखीम सुमारे दीडपट दिसली आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्याचे प्रमाणही अधिक आढळले. त्याच वर्षी पाच हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांवरील दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की ज्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये असा वाहकदोष होता त्यांना रक्त वाढवण्याच्या इंजेक्शनचा, म्हणजे एरिथ्रोपोएटिनचा, डोस सुमारे १३ टक्के अधिक लागत होता. विदर्भातील जनुकाची अनुवंशिक पार्श्वभूमी आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी, अरब-भारतीय प्रकारची आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावा असे मी म्हणत नाही. आपले आकडे आपण काढा, एवढेच म्हणते. चंद्रपुरातच आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, हिमोग्लोबिनच्या विकारांसाठीचे केंद्र आहे आणि डायलिसिस केंद्रांत दर आठवड्याला येणारी माणसे आहेत. या दोघांमध्ये अंतर आहे ते फाइलींचे.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार चाचणीच्या पद्धतीबद्दल आहे आणि तीच मला सर्वांत गंभीर वाटते. शिबिरातून परत पाठवल्यावर मी डायलिसिस केंद्रात हट्ट धरला, तेव्हा त्यांनी सोल्युबिलिटी चाचणी करून घेतली. नळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकायचे, आणि द्रावण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेल आहे असे समजायचे, अशी ही स्वस्त आणि चांगली चाचणी आहे. माझ्या पतीची चाचणी ‘नाही’ अशी आली. त्या दिवशी त्यांचे हिमोग्लोबिन ५.९ होते आणि त्याच आठवड्यात त्यांना दोन पिशव्या रक्त लावले होते. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर ही चाचणी खोटा नकार देऊ शकते, आणि नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवले असेल तर तपासले जाते ते बऱ्याच अंशी दुसऱ्याचेच रक्त, हे प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला शिकवलेले असते. पण अहवालावर हिमोग्लोबिनचा आकडा नव्हता, रक्त लावल्याची तारीख नव्हती, फक्त ‘निगेटिव्ह’चा शिक्का होता. म्हणजे ज्या रुग्णांना या चाचणीची सर्वाधिक गरज आहे, नेमके त्यांच्याच बाबतीत ती फसते, आणि फसली हे कोणाला कळतही नाही. पुढे इंजेक्शनवर हिमोग्लोबिन आठाच्या आसपास टिकले, तीन महिने रक्त लावावे लागले नाही, आणि मग नागपूरला खासगी प्रयोगशाळेत एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, करून घेतली. त्यात सिकल हिमोग्लोबिन ३५ टक्के निघाले. माझा वहीतला तक्ता बरोबर होता.

दुसरी तक्रार निदान झाल्यानंतरची आहे. अहवाल दाखवला तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितले, “सिकल आहे ना, मग रक्त कमीच राहणार.” तोवर कोणाला माहीत नसलेले सिकलसेल एका क्षणात सगळ्या रक्तक्षयाचे कारण होऊन बसले. वास्तविक नुसत्या वाहक असण्याने सहसा रक्तक्षय होत नाही. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त कमी होते ते मुख्यतः मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन आटल्यामुळे, लोह कमी पडल्यामुळे किंवा असूनही शरीराला वापरता न आल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे, आणि दर खेपेला नळ्यांत राहून जाणाऱ्या रक्तामुळे. तेव्हा वाहकाचे हिमोग्लोबिन सहावर आले तर या प्रत्येक कारणाचा शोध घेतलाच पाहिजे. सिकलसेल माहीत नसणे ही एक चूक, आणि माहीत झाल्यावर सगळे त्याच्या माथी मारून हात झटकणे ही दुसरी. आमच्या वाट्याला सहा महिन्यांत दोन्ही आल्या.

याच्याशी जोडलेली तिसरी गोष्ट लोहाची आणि रक्ताच्या पिशव्यांची. फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन या शरीरातील लोह किती आहे ते सांगणाऱ्या दोन तपासण्या न करता आमच्या केंद्रातील रुग्णांना लोहाची इंजेक्शने दिली जात होती, आणि एरिथ्रोपोएटिनचा साठा संपला की रक्त लावले जात होते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराकडे जवळपास नसतो. माझ्या पतीचे फेरिटिन मी बाहेरून तपासले तेव्हा ते १,६०० च्या वर होते आणि त्याच आठवड्यात त्यांना लोहाचे आणखी एक इंजेक्शन लिहून दिलेले होते. शिवाय प्रत्येक परक्या रक्तासोबत शरीरात प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका वाढतो आणि पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारे मूत्रपिंड मिळणे तितके अवघड होते. आज साठा नाही म्हणून लावलेली पिशवी पाच वर्षांनंतरचे प्रत्यारोपण हिरावून घेऊ शकते, हे रुग्णाच्या नातेवाईकांना कोणी सांगत नाही. माझे दीर मूत्रपिंड द्यायला तयार आहेत. सख्खे भाऊ आहेत, तेव्हा तेही वाहक असू शकतात. दात्याची ही तपासणी आधी व्हायला हवी, हे मला विचारावे लागले, कोणी आपणहून सांगितले नाही.

एक लहानशी वाटणारी पण घातक ठरू शकणारी गोष्ट. वाहक म्हणून नोंद झाल्यावर पतीच्या हातात जे माहितीपत्रक दिले गेले, त्यावर ठळक अक्षरांत ‘भरपूर पाणी प्या’ असे छापलेले आहे. सिकलसेल असलेल्या शेतमजुरासाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. ज्याला लघवीच होत नाही आणि ज्याचे पाणी आम्ही पेल्याने मोजून देतो, त्याने तो पाळला तर पुढच्या डायलिसिसपर्यंत फुप्फुसात पाणी भरायचे. आमच्या घरी वाचणारी माणसे आहेत. ज्या घरी नाहीत तिथे काय?

साखरेबाबतही असेच झाले. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी ६.४ आली म्हणून साखर आटोक्यात असल्याचे लिहिले गेले, तर घरच्या यंत्रावर जेवणानंतर अडीचशेच्या खाली आकडा येत नव्हता. रक्तक्षय, एरिथ्रोपोएटिन, रक्त चढवणे आणि वाहक असणे, या चारही गोष्टींनी ही चाचणी खाली दाखवू शकते, आणि माझ्या पतीच्या अंगात या चारही होत्या.

‘एसएस’ रुग्णांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण शेजारच्या खाटेवर येणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीकडे पाहून दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. लहानपणापासून सांधे ठणकले की गावातल्या दवाखान्यात तिला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन मिळत राहिले, आणि हे औषध मूत्रपिंडांना मारक आहे. मूत्रपिंडाचे काम सांगणारी तिची क्रिएटिनिनची रक्ततपासणी बरीच वर्षे ‘नॉर्मल’ येत होती. सिकलसेलच्या रुग्णांत मूत्रपिंड सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त गाळते, त्यामुळे क्रिएटिनिन उशिरापर्यंत फसवत राहते आणि खरी सूचना मिळते ती लघवीतल्या अल्ब्युमिनमधून. वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील प्रथिने तपासावीत, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०१४ मध्येच केली आहे. ती तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज होऊ शकते. मूत्रपिंड बिघडल्यावर हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरील औषधाचा डोस कमी करावा लागतो, आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर नेऊ लागले तर ‘एसएस’ रुग्णाचे रक्त दाटून नवेच संकट उभे राहू शकते. वाहकाच्या बाबतीत मात्र मूत्रपिंडाच्या इतर रुग्णांना लागू असलेलीच मर्यादा पाळायची असते. म्हणजे ‘एएस’ की ‘एसएस’ हे कळल्यावाचून त्या दोन खाटांवर एकच इंजेक्शन एकाच मापाने देणे चुकीचे आहे, आणि आज तेच चालू आहे.

या सर्व कारणांसाठी आमच्या मागण्या मांडते. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्यासोबत बाकावर बसणाऱ्या नातेवाईकांच्या. त्यांतील कोणतीही मागणी नवे रुग्णालय बांधा अशी नाही.

सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांत मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराचे निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीची, वयाची अट न लावता, एकदा एचपीएलसी किंवा त्याच कामाची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी मोफत व्हावी. ती शक्यतो डायलिसिस सुरू होण्याआधी, आणि रक्त चढवण्याच्या आधी तर नक्कीच व्हावी. आधी रक्त लावले गेले असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सोल्युबिलिटी चाचणीच्या प्रत्येक अहवालावर त्या दिवसाचे हिमोग्लोबिन आणि शेवटचे रक्त चढवल्याची तारीख लिहिणे बंधनकारक करावे, आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली असताना आलेला ‘निगेटिव्ह’ निकाल अंतिम धरू नये.

डायलिसिस केंद्राच्या कागदावर, जिथे रक्तगट आणि काविळीची नोंद असते तिथेच, ‘एए, एएस, एसएस’ असा एक रकाना असावा. मात्र ही नोंद रुग्णाच्या संमतीने व्हावी आणि खाटेला टांगलेल्या पाटीवर तिची जाहिरात होऊ नये. ज्या घरात मुली लग्नाच्या आहेत त्या घरातला बाप हे कार्ड का लपवतो ते आम्हाला ठाऊक आहे. गुप्ततेची खात्री नसेल तर तो रकाना कोराच राहील.

एरिथ्रोपोएटिनचा साठा रुग्णांच्या संख्येनुसार आणि त्यांच्या वजनानुसार लागणाऱ्या मात्रेचा हिशेब करून तीन महिने आधी मागवावा. वाहकांना थोडी अधिक मात्रा लागू शकते, हे त्या हिशेबात धरावे. फेरिटिन आणि सॅच्युरेशन दर तीन महिन्यांनी तपासले जावे आणि त्याशिवाय लोहाचे इंजेक्शन देऊ नये. साठा नाही या एकाच कारणाने रक्त लावावे लागले, तर तसे कारण कागदावर स्पष्ट लिहावे. कोणत्या केंद्रात किती पिशव्या या कारणाने गेल्या, हे वर्षअखेरीस मोजता आले तर औषधखरेदीचा प्रश्न आपोआप तुमच्या टेबलावर येईल.

डायलिसिस रुग्णांसाठी वेगळे माहितीपत्रक मराठीत, आणि गोंडी व माडियात बोलून समजावता येईल अशा साध्या शब्दांत काढावे. ‘एसएस’ मुलांची लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी दरवर्षीच्या तपासणीत घालावी. आणि विदर्भातील सरकारी डायलिसिस केंद्रांत किती रुग्ण वाहक आहेत, याची एक साधी, प्रामाणिक मोजणी करून ती प्रसिद्ध करावी. केंद्र सरकारची पाहणी शून्य ते चाळीसची आहे, हे उत्तर त्यावर देऊ नये. चाळीसच्या पुढची माणसे मोजण्यापासून राज्याला कोणी रोखलेले नाही.

या पत्राचे उत्तर मला वेगळे पाठवण्याची आवश्यकता नाही. ते आमच्या डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या फलकावर, पाणी किती प्यावे या तक्त्याच्या शेजारी लावावे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातपासून आम्ही तिथेच असतो, आणि चार तास वाचायला पुष्कळ वेळ असतो.

आपली विश्वासू,
एका डायलिसिस रुग्णाची पत्नी आणि निवृत्त विज्ञान शिक्षिका
जिल्हा चंद्रपूर